मालक शेवटी येतो

"सरका बे, मालक येऊन राह्यला!"

मी शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच तासाला पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून ही आरोळी आली आणि मी हातातला खडू ठेवून ताठ उभा राहिलो. शर्टाचं वरचं बटण लावलं. संस्थेचे अध्यक्ष आले असं मला वाटलं. आमच्या शाळेचे मालक दुसरे कोण असणार? माझ्या वर्गातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. पहिल्या बाकावरची मुलगी दयेनं म्हणाली, "सर, बसा न तुमी. तिकडं इंग्रजी चालू हाये."

पत्र्याच्या फटीतून पाहिलं. पलीकडच्या वर्गात तीन पोरं एकामागे एक उभी होती, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं अडकवलेला पुठ्ठा. एक बुटका, जाड भिंगांचा माणूस कानावर खडू खोचून दोन्ही हातांनी हवेतली गर्दी बाजूला सारत होता. त्या वाटेनं चौथा पोरगा छाती काढून आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याच्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत ‘प्लाउड’ लिहिलं होतं. म्हणजे नांगरलेलं.

इंग्रजीचे सर ते हे. पुढची कितीतरी वर्षं आमच्या दोघांत तो एक पत्रा होता. मी अलीकडे मराठी शिकवायचो, ते पलीकडे इंग्रजी शिकवायचे, आणि खरं सांगायचं तर माझ्या वर्गालाही इंग्रजीच जास्त आली.

त्यांचा सिद्धांत असा, की इंग्रजाचं क्रियापद म्हणजे मोठ्या घरचा मालक. जरा महत्त्वाचं काम निघालं की तो एकटा घराबाहेर पडत नाही. पुढे नोकरचाकर चालतात, मालक शेवटी येतो. ‘शेत नांगरायला पाहिजे होतं’ एवढं म्हणायला इंग्रजाला चार माणसं लागतात: शुड, हॅव, बीन आणि प्लाउड.

"शुड हा मुकादम," सर सांगायचे. "तो सोता कधी बदलत नाई. त्याच्या मांगं जो उभा राहीन त्यानं साध्या कपड्यात याचं. हॅवच्या मांगच्यानं तिसरं रूप घालून याचं. बीनच्या मांगं काम चालू असन तं आयएनजी, दुसऱ्याकून करून घेतलं असन तं पुन्हा तिसरं रूप. जो तो आपल्या मांगच्याची टोपी बदलते. पुढच्याच्या टोपीले हात लावाचा नाई. समजलं काय बे?"

इतकी शिस्त मी आमच्या स्टाफरूममध्ये कधी पाहिली नाही.

‘नॉट’ त्यांच्या मते आगाऊ पाहुणा होता. रांग कितीही लांब असो, हा पहिल्या माणसाच्या मागेच घुसणार. हे काम वर्गातल्या एका काटकुळ्या, उपद्व्यापी पोराकडे कायमचं दिलेलं होतं. तो खिडकीतून उडी मारून रांगेत घुसायचा आणि ‘शुड’च्या पाठीला चिकटायचा. पुढे त्या पोराचं खरं नाव त्याच्या आईखेरीज सगळ्यांनी टाकून दिलं. आजही गावात नॉट म्हटलं की तोच.

सरांना ‘बे’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नसे. पोरांना बे, कंडक्टरला बे, एकदा तर मुख्याध्यापकांनाही बे म्हणून गेले आणि वर "सर" जोडून ते सावरून घेतलं. मला ते पंडित म्हणायचे. माझं प्रमाण मराठी त्यांना फार करमणुकीचं वाटे.

बुलढाण्याला एक प्रशिक्षण होतं. तिथे पुण्याकडून आलेले एक तज्ज्ञ सरांचं ‘मी जेवून राह्यलो’ ऐकून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "अहो, जेवूनही आणि राहूनही? दोन्ही एकदम कसं करता?" त्यांनी विचारलं. सर शांतपणे उठले. म्हणाले, "साहेब, जेवून म्हनजे ईटिंग, राह्यलो म्हनजे ॲम. इंग्रज आन् वऱ्हाडी मानूस एकाच गाडीतले हायेत. फक्त तो उलट्या तोंडानं बसला." तज्ज्ञांनी मान डोलावली. दुपारी चहाच्या वेळी तेच सरांना म्हणाले, "मी चहा घेऊन राह्यलो." सर म्हणाले, "घ्या बे साहेब."

आता हे सगळं वाचून तुमची अशी समजूत होईल की हा माणूस इंग्रजीचा मोठा बाजीराव होता. छे! मी सरांना कोणाशी इंग्रजी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. शाळेत होते तोवर एकदाच ऐकलं, तेही पाठीमागून.

शाळेची सहल लोणारला गेली होती. सरोवराच्या काठावर पोरं डबे उघडून बसली होती. एक गोरी बाई आली आणि सरांना काहीतरी विचारलं. खाली उतरायची वाट कुठे, एवढंच असावं. सर उभे राहिले. डोळे मिटले. बोटं हलायला लागली. मी ओळखलं, पुठ्ठे लागतायत. मुकादम आला, त्याच्या मागचा आला, टोप्या बदलल्या. बाई थांबली, हसली, पुन्हा थांबली, मग नॉटनं नुसतं बोट दाखवलं त्या दिशेनं निघून गेली. ती पार खाली झाडीत दिसेनाशी झाली तेव्हा सरांनी डोळे उघडले आणि काठावर उभं राहून पूर्ण दमानं ओरडले, "मॅडम, यू शुड हॅव बीन टोल्ड!" सरोवरानं ते वाक्य जसंच्या तसं परत केलं.

पोरं हसून लोळली. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "वाक्य बराबर होतं न पण पंडित?"

होतं. त्यांचं वाक्य नेहमीच बरोबर असायचं. माणूस निघून गेलेला असायचा.

त्यांच्या नोकरीचंही तसंच होतं. सर होते विनाअनुदानित तुकडीवर. ज्यांना हा शब्द माहीत नाही ते सुखी लोक. काम पूर्ण, पगार पुढच्या जन्मी, असा त्याचा अर्थ. मी शेजारच्याच वर्गात, तीच घंटा ऐकून, तोच खडू झिजवून सरकारी पगार घ्यायचो आणि सरांचं घर वहिनींच्या शिलाई मशीनवर चालायचं. त्यांच्या एका खोलीत पलंगावर कायम कोणाचे तरी अर्धे शिवलेले ब्लाऊज असायचे. सरांना बसायला जागा नसे, म्हणून ते दारात उभं राहून पोरांच्या वह्या तपासायचे.

मग बातमी आली की तुकडीला अनुदान मिळणार. इंग्रजीची जागा एकच आणि नाव अध्यक्षांनी पाठवायचं. सर जन्मभर ज्याची वाट पाहत होते ते कायम होणं आता एका सहीवर आलं होतं. आमचे अध्यक्ष म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. कापूस त्यांचा, जिनिंग त्यांचं, शाळा त्यांची, आणि पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी त्यांची. पहिल्या मानावरून त्यांचं आणि सरपंचांचं दरसाल वाजायचं. तो आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम होता.

प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर मुख्याध्यापकांनी सरांना सांगितलं, तुमची ती रांग साहेबांना दाखवा, छाप पडेल. सरांनी दाखवली. आणि रांगेच्या शेवटी, ‘प्लाउड’चा पुठ्ठा गळ्यात घालून, उभा केला खुद्द अध्यक्षांचा नातू.

अध्यक्ष खुर्चीतून उठले. "माह्या घरचं पोरगं शेवटी काऊन?"

मुख्याध्यापक घामानं निथळले आणि सरांच्या कानाशी लागून म्हणाले, "अहो, त्याला पुढे घ्या! काय फरक पडतो?"

"वाक्य मोडते न सर," सर म्हणाले. मी मागे उभा होतो. मला वाटलं, संपलं. या माणसानं स्वतःच्या पायावर धोंडा नाही, अख्खा नांगर पाडून घेतला.

सरांनी डोळे मिटले. बोटं हलली. पण या वेळी अध्यक्ष कुठे निघून जाणार नव्हते, त्यामुळे वाक्य वेळेत आलं. "साहेब, नांगराले बैल पुढं असतात. कासरा कोनाच्या हाती असते? मांगच्याच्या. पुढं चालते तो राबते. मांगं असते तो मालक."

अध्यक्षांनी यावर विचार केला. हे दृश्य आम्ही क्वचित पाहिलेलं. मग त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. "वा बे मास्तर! मालक शेवटी! लाखातलं बोलला." आणि जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं काम झालं समजा."

आमच्या तालुक्यात या ‘समजा’वर पूल उभे आहेत, नळाला पाणी आहे. पण सरांनी त्या दिवशी पोरांना स्वतःच्या खिशातून जिलबी वाटली. वहिनींनी मशीनवर हळदीकुंकू वाहिलं. मलाही आनंद झाला. का होऊ नये?

पुढचं मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हतं. अध्यक्षांना तो सिद्धांत भलताच चढला. ते सगळीकडे शेवटी यायला लागले. लग्नात मंगलाष्टकं संपून भटजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, तेव्हा हे मांडवात शिरायचे. सभा त्यांच्यासाठी ताटकळायची. एका मयतीला तर ते इतक्या उशिरा आले की लोक आंघोळी करून जेवायला बसले होते. हे पाहून सरपंच इरेला पडले. तेही शेवटी यायला लागले. दोघांच्या गाड्या मोताळ्याच्या रस्त्यावर झाडाखाली लपून उभ्या असत, समोरचा आधी जातो का ते बघत.

आणि श्रावण संपता संपता पोळा आला.

बैल सजले. शिंगांना रंग, बेगड, कपाळाला बाशिंग, अंगावर झुली. मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. डफडं वाजायला लागलं. पहिली जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटतो, मग सगळे बैल धावत घरोघरी जातात, बाया ताटं घेऊन दारात उभ्या असतात. दरसाल पहिलं कोण यावरून भांडण. या साली अध्यक्षांचा गडी जोडी घेऊन सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. सरपंचांचा गडी त्याच्याही मागे. अध्यक्षांचा त्याच्या मागे. असं करत करत दोन्ही जोड्या गावाबाहेर नाल्यापर्यंत पोचल्या.

बरं, बाकीच्यांनी तरी जावं! पण आता सगळ्या गावाला कळलं होतं की पुढे चालतो तो राबणारा आणि मागे असतो तो मालक. दोन एकरवाला म्हणाला, "म्या काऊन पयले जाऊ? म्या काय कोनाचा गडी हाय?" आजवर ज्या मानासाठी डोकी फुटली तो तोरणाखालचा मान रिकामा पडला होता. कोणी हलेना. डफडंवाले दमले. पुरणपोळ्या गार झाल्या. ऊन उतरायला लागलं आणि बैल एका पायावरून दुसऱ्या पायावर अंग टाकू लागले.

अशात सर आले. ते शेत नसलेल्यांपैकी, बैल कुठून आणणार? घरी पूजेला कुंभाराकडून मातीची जोडी घेऊन, ती एका परातीत ठेवून ते निवांत चालले होते. त्यांना पाहताच गर्दीतून आवाज आला, "मास्तर, हे सारं तुमच्या इंग्रजीनं झालं!"

अध्यक्ष नाल्याकडून तरातरा आले, मागोमाग सरपंच. "मास्तर," अध्यक्ष म्हणाले, "सांगा ह्या मानसाले, शेवटी कोन असते ते. चारचौघांत सांगा."

सगळं गाव सरांकडे बघायला लागलं. मी पाराजवळच होतो. ‘अध्यक्ष शेवटी’ एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यात व्याकरणही नव्हतं. सही होऊन जागा पक्की झाली असती, पलंगावर बसायला जागा झाली असती. मी डोळ्यांनी खुणा करकरून थकलो. सरांनी डोळे मिटले. परात धरलेल्या हातांची बोटं हलायला लागली. मी मनात म्हटलं, अहो, लोणार करू नका आज, लवकर बोला.

त्यांनी डोळे उघडले. अध्यक्षांकडे पाहिलं नाही. समोर अध्यक्षांचाच एक पांढरा बैल मान खाली घालून उभा होता, त्याच्याकडे पाहिलं.

"शेवटी कोन ते मांगून पाहू," सर म्हणाले. "पयले कोनी तं चाला बे."

आणि परात डोक्यावर घेऊन ते स्वतःच तोरणाखालून गेले.

आधी कोणीतरी हसलं. मग डफडंवाल्यानं, कंटाळलेलाच होता तो, जोरात थाप मारली. त्या आवाजानं बैल बुजले आणि जो तो सुटला. पोळा फुटला तो असा फुटला की कोण पुढे, कोण मागे काही राहिलं नाही. धुळीत झुली, शिंगं, धोतरं, सगळं एक झालं. अध्यक्षांच्या जोडीनं गड्याच्या हातातला कासरा हिसकला आणि ती बरोबर मधोमध घुसली. ना पहिली, ना शेवटची, ‘बीन’च्या जागी. सरपंचांची जोडी तर तोरण सोडून थेट घरीच गेली. सगळ्या गावात पहिला मान घेतला तो मातीच्या दोन बैलांनी.

गाव हसलं. आठवडाभर हसलं. अध्यक्ष हसले नाहीत.

पुढच्या महिन्यात प्रस्ताव गेला. इंग्रजीच्या जागेवर अध्यक्षांच्या भाचेजावयाचं नाव होतं. हा भला गृहस्थ वर्गात मोबाईलवरचे व्हिडिओ लावून स्वतः खिडकीत उभा राहतो. मला राग आला, अजून येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन भांडलो. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे." आमच्या संस्थेत बरोबर असण्याला कोणाचीच हरकत नसते.

सर लोणारला निघाले. वहिनींच्या भावाचं तिथे कटलरीचं दुकान होतं, त्यात बसणार होते. एसटीची वाट पाहत आम्ही फाट्यावर उभे होतो. शिलाई मशीन गोणपाटात गुंडाळून शेजारी ठेवलेलं, वहिनी त्याच्यावर हात ठेवून उभ्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, ‘अध्यक्ष शेवटी’ एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"म्हनतच होतो न बे," ते म्हणाले. "जुळवूनच राह्यलो होतो वाक्य. पन त्या बैलाचे पाय दुखून राह्यले होते."

वहिनी दुसरीकडे बघायला लागल्या. मीही. एसटी आली तेव्हा सर कंडक्टरला म्हणाले, "मशीन जपून घे बे, मालकीन हाये ते." सगळ्यात शेवटी चढले आणि दारातूनच माझ्याकडे पाहून हात हलवला.

मध्ये मी लोणारला जाऊन आलो. दुकानात बांगड्या, कंगवे, प्लास्टिकचे मोर. एक गोरा माणूस आला, सरोवराची वाट विचारली. सरांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. "गो स्ट्रेट," म्हणाले आणि वर त्याला टोपी विकली. ते म्हणाले, "व्याकरन सोडलं बे पंडित. धंदा बरा होऊन राह्यला." आणि हसले. मला ते हसू आवडलं नाही. मी एक कंगवा घेतला आणि परत आलो.

पुढचा पोळा आला तेव्हा पारावर बैठक बसली. पहिलं कोण आणि शेवटी कोण, दोन्हींवर भांडून गाव दमलं होतं. म्हातारे म्हणाले, गेल्या साली बरं होतं. मातीची जोडी पयले जाऊ द्या, मग जो तो जाईन. अध्यक्ष काही बोलले नाहीत, सरपंचही बोलले नाहीत, म्हणजे ठराव मंजूर झाला. पण जोडी न्यायची कोणी? शेत नसलेला माणूस पाहिजे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सरांना फोन केला. या, म्हटलं, मान तुमचा आहे. ते म्हणाले, "सनाचं दुकान सोडता येत नाई बे. तूच ने. अन् हळू चाल, शिंगं लवकर मोडतात."

तेव्हा डोक्यावर परात घेऊन मी तोरणासमोर उभा राहिलो. चाळिशी उलटलेला मराठीचा मास्तर, दोन मातीचे बैल आणि मागे अख्ख्या गावाचे खरे. समोर पोळा बघायला जमलेली एवढी गर्दी की पाऊल टाकायला जागा नव्हती.

तेवढ्यात मागून, बापाच्या जोडीचा कासरा धरून उभा असलेला नॉट ओरडला, "सरका बे, मालक येऊन राह्यला!"

आणि लोक बाजूला झाले.